इलेक्ट्रिक कारच्या मास्टर सिलिंडरमधून गळती: फक्त रबर किट घालावे की पूर्ण सिलिंडर बदलावा?

शांतवाहन

नमस्कार. माझ्या इलेक्ट्रिक कारच्या टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी वारंवार खाली जाते आहे. चारही चाकांच्या आतील बाजू, कॅलिपर आणि पाइपांचे जोड कोरडे आहेत. मात्र मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) जिथे बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) बोल्टने बसवलेला आहे, त्या जोडाखाली बोट फिरवले की ओल लागते, आणि तिथला बूस्टरचा काळा रंग फुगून त्याचे पापुद्रे सुटू लागले आहेत. गाडी मात्र नेहमीसारखीच थांबते आणि पॅडलमध्येही म्हणावा असा फरक जाणवत नाही. जुन्या पेट्रोल गाडीचा सिलिंडर उघडून आतील रबर सील, म्हणजे किट, बदलताना मी पाहिले आहे. तेच काम इथे करता येईल का? आणि ते होईपर्यंत गाडी जपून चालवली तर चालेल का?

पाना_बारा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: गाडी चालवू नका, गॅरेजपर्यंतही ती उचलूनच न्या.

रंगाचे पापुद्रे सुटत आहेत म्हणजे ते ब्रेक ऑइलच आहे. एसीचे पाणी किंवा बॅटरीचा कूलंट रंगाची अशी अवस्था करत नाही. सिलिंडरच्या अगदी मागच्या टोकाला, पुशरॉडच्या (पॅडलचा जोर आतील पिस्टनपर्यंत नेणाऱ्या दांडीच्या) बाजूला जे सील असते, ते गेले आहे. या सीलवर ब्रेकचा दाब येतच नाही, त्याला फक्त टाकीतून उतरणारे ऑइल अडवून धरायचे असते. त्यामुळे ते गळू लागले तरी पॅडल बरेच दिवस घट्ट लागते आणि आपण निर्धास्त राहतो. टाकीतील त्या कप्प्याचे ऑइल संपून आत हवा शिरली, की ब्रेक ऑइलच्या दोन स्वतंत्र वाटांपैकी (सर्किटपैकी) एक निकामी होते, पॅडल एकदम खोल जाते आणि उरलेल्या एकाच सर्किटवर गाडी थांबवावी लागते. थांबण्याचे अंतर त्या वेळी किती वाढते, हे रस्त्यावर अनुभवण्याची गोष्ट नव्हे.

पेट्रोल गाडीत पॅड झिजले तरी पातळी हळूहळू उतरते, म्हणून थोडी घट कोणी मनावर घेत नाही. इलेक्ट्रिक गाडीत बराचसा वेग मोटरच कमी करते, पॅड फार सावकाश झिजतात. तेव्हा पातळी उतरली की आधी गळतीचाच संशय घ्यावा. आणि पहिल्या प्रश्नाचे उत्तर: किटच्या भानगडीत न पडता पूर्ण सिलिंडरच बदला.

चौकट

किटला सरसकट नाही म्हणणे मला पटत नाही. आतील नळी गुळगुळीत असेल, किट त्याच क्रमांकाच्या सिलिंडरचे असेल आणि काम करणाऱ्याचा हात स्वच्छ असेल, तर नवे सील बसवून सिलिंडर उत्तम चालतो. बिडाच्या सिलिंडरांना बारीक होन (नळी आतून घासण्याचे हत्यार) फिरवून आम्ही असे पुष्कळ सिलिंडर पुन्हा वापरात आणले आहेत.

पाना_बारा

बिडाच्या बाबतीत मान्य. आताचे सिलिंडर अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या आतील पृष्ठभागावर अॅनोडायझिंगचा पातळ, कठीण थर असतो. होन फिरवला की तो थर जातो, खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि नवे सील थोड्याच काळात पुन्हा खरवडले जाते. पिस्टन बाहेर काढून नळीत उजेड पाडा. खालच्या बाजूला, जिथे पाणी साचते तिथे, नखाला लागेल असा खड्डा किंवा ओरखडा आढळला, तर किटचा विचार सोडून द्यावा. शिवाय अनेक नव्या गाड्यांसाठी किट मिळतही नाही. माझा कौल पूर्ण सिलिंडरलाच आहे.

विद्युत्_धारा

त्याआधी आपल्या गाडीत कोणती रचना आहे ते पाहायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावरच ठरते. काही इलेक्ट्रिक गाड्यांत नेहमीचाच व्हॅक्युम बूस्टर असतो आणि इंजिन नसल्यामुळे व्हॅक्युम तयार करायला विजेवर चालणारा पंप दिलेला असतो. काहींत बूस्टरच मोटरवर चालतो. आणि काहींत मास्टर सिलिंडर, बूस्टर आणि एबीएस हे सगळे एकाच ठोकळ्यात असते. तिथे गळती निघाली तर बहुधा तो ठोकळाच बदलावा लागतो. अशा काही रचनांत पॅडलचा घट्टपणा कृत्रिम असतो, त्यामुळे पॅडल दाबून धरून ते खाली जाते का पाहण्याच्या नेहमीच्या चाचणीवर विसंबता येत नाही.

मोटरवर चालणारा बूस्टर असेल, तर कामाआधी स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने) ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकणे किंवा निर्मात्याने सांगितलेल्या क्रमाने १२ व्होल्टची बॅटरी सोडवणे आवश्यक आहे. काही गाड्यांत दार उघडले तरी यंत्रणा जागी होते, आणि उघड्या पाइपमधून ऑइलची चिळकांडी थेट डोळ्यांत जाऊ शकते. उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबलींना हात लावण्याचे या कामात कारण नाही, पण सांडलेले ऑइल त्यांच्या जोडांवर जाऊ देऊ नका.

शांतवाहन

सर्वांचे आभार. माझ्या गाडीत व्हॅक्युम बूस्टर आणि वेगळा पंप आहे. आपले प्रतिसाद वाचून बूस्टरची व्हॅक्युम नळी काढून पाहिली, तर ती आतून ओलसर निघाली. याचा अर्थ काय घ्यायचा?

विद्युत्_धारा

ऑइल बूस्टरच्या आत गेले आहे. पेट्रोल गाडीत ते इंजिनात ओढले जाऊन जळते आणि पांढऱ्या धुराने बातमी फुटते. आपल्याकडे ते गुपचूप पंपात पोहोचते. सिलिंडर उतरवल्यावर बूस्टरच्या तळाशी ऑइल साचलेले दिसले, तर आतील डायफ्रॅमवर (रबरी पडद्यावर) भरवसा ठेवू नये आणि बूस्टरही बदलावा. पंपाचा आवाज बदलला असेल किंवा तो नेहमीपेक्षा जास्त वेळ चालत असेल, तर त्याचीही तपासणी करून घ्या.

पाना_बारा

सिलिंडर उतरवण्याआधी गाडी बंद ठेवून, पॅडल कडक होईपर्यंत दाबत राहा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्युम संपेल. ब्रेक पाइपच्या नटांना साधा उघडा पाना लावू नका, कडा गोल होतात. या नटांसाठी एका बाजूने चिरलेला रिंग पाना मिळतो, तोच वापरा. सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामधली ओ-रिंग नवीच घाला. नवा सिलिंडर व्हाइसमध्ये धरून, दोन्ही तोंडांना लावलेल्या नळ्यांची टोके टाकीतील ऑइलमध्ये बुडवून, बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन बोथट दांडीने सावकाश दाबावा. ही हवा गाडीवर काढत बसलात तर फार वेळ जातो. त्यानंतर चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढायची, आणि एबीएसच्या भागात हवा शिरली असेल तर त्यासाठी स्कॅनर लागतो.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच घाला. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) सांगितले असेल तिथे सिलिकॉनचे डॉट ५ चालत नाही, ते या ऑइलमध्ये मिसळतच नाही. उघडून ठेवलेला जुना डबाही नको: कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण हवेतील ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी मानकाची किमान मर्यादा १५५ अंशच आहे.

पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागेत अगदी कमी वेगाने घ्या आणि रिजनरेशन (मोटरने वेग कमी करून बॅटरी भरणे) सर्वांत कमी पातळीवर ठेवा, म्हणजे गाडी मोटरने थांबली की ब्रेकने, हा घोळ होणार नाही. नंतर जोडाखाली पांढरा कागद बांधून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तो पाहा.