बडोद्यातील संग्रहालये ज्येष्ठांना आणि मुलीला कोणत्या क्रमाने दाखवावीत?

वासणा रस्ता यांचा प्रश्न

नमस्कार. नोकरीच्या निमित्ताने आम्ही पुण्याहून बडोद्यात राहायला आलो आहोत आणि दिवाळीनंतर सासूबाई व सासरे प्रथमच आमच्याकडे येत आहेत. सासूबाईंनी अनेक वर्षे शाळेत चित्रकला शिकवली आहे, सासऱ्यांना मराठेशाहीच्या इतिहासाची ओढ आहे, आणि आमची मुलगी तिसरीत असल्यामुळे तिचा उत्साह कोणत्याही दालनात अर्ध्या तासापेक्षा अधिक टिकत नाही. कमाटीबागेतील संग्रहालय आणि राजवाडा एकाच दिवशी उरकून घ्यावा, असे शेजारी सुचवतात; परंतु सासूबाईंचे गुडघे दुखत असल्याने मला ते अवघड वाटते. शिवाय राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे राजवाड्यात आहेत, संग्रहालयात आहेत की दोन्हीकडे, याबाबत प्रत्येक जण निराळे सांगतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दांडियाबाजार यांचे उत्तर

हा गोंधळ नावांमुळे होतो, म्हणून आधी तो दूर करतो. कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, आहे ते 'बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी'. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, परंतु राजवाड्याच्या मुख्य इमारतीपासून वेगळे, आहे ते 'महाराजा फत्तेसिंह संग्रहालय'. आपल्या सासूबाईंना रविवर्मा पाहायचे असतील तर दुसऱ्या ठिकाणी न्यावे. राजवाड्याचे तिकीट काढले म्हणजे हे संग्रहालयही त्यात आले, असे समजू नये. त्याचे तिकीट स्वतंत्र असते. दोन्ही वास्तू सोमवारी बंद असतात.

रविवर्मा १८८१ मध्ये बडोद्यात आले, ते तरुण सयाजीरावांच्या राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास, दिवाण टी. माधवराव यांच्या पुढाकाराने. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका आणि शंतनू-मत्स्यगंधा हे विषय त्यांतलेच. चित्रकला शिकवलेल्या व्यक्तीने रविवर्म्याचे तैलरंग प्रत्यक्ष पाहणे ही निराळीच गोष्ट आहे, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ही चित्रे दिनदर्शिकांवरील छापील प्रतींतूनच परिचित असतात आणि त्या प्रतींत रेशमी पदराची चकाकी व कातडीखालचा रक्ताचा रंग हरवलेला असतो. पौराणिक नायिकांच्या नेसण्याकडेही त्यांचे लक्ष वेधावे. केरळच्या या चित्रकाराने पुराणातील स्त्रियांना कितीदा आपल्याकडची नऊवारी नेसवली आहे, हे मराठी पाहुण्यांच्या चटकन ध्यानात येते.

या संग्रहालयाची इमारत पूर्वी राजघराण्यातील मुलांची शाळा होती आणि त्या मुलांसाठी आवारात छोटी आगगाडी धावत असे. आपल्या मुलीला आत नेण्यासाठी एवढी माहिती पुरेशी ठरावी. दालने मोजकी असल्यामुळे गुडघ्यांवरही फार ताण येत नाही. राजवाडा मात्र त्याच दिवशी करू नये. तो पायांचीच नव्हे, डोळ्यांचीही परीक्षा घेतो.

विश्वामित्रीकाठ यांचे उत्तर

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत असूनही एक मतभेद नोंदवतो. बडोद्याची चित्रकला दाखवायची म्हटले की सगळे जण चौकटीतील चित्रांकडे वळतात आणि या शहरातील भिंती पाहायच्या राहून जातात. चित्रकलेच्या शिक्षिकेला मी तरी प्रथम कीर्तिमंदिरात नेईन. सयाजीरावांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ १९३६ मध्ये ही वास्तू उभारली आणि मधल्या दालनाच्या भिंती रंगवण्यासाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना पाचारण केले. १९३८ मध्ये सुरू झालेले हे काम १९४६ पर्यंत टप्प्याटप्प्याने चालले. स्वतः महाराज मात्र १९३९ च्या फेब्रुवारीतच निवर्तले, त्यामुळे गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा (रवींद्रनाथ टागोरांच्या नाटकावरून) आणि महाभारतातील युद्ध ही चारही चित्रे पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाहीत. सकाळी रविवर्मा आणि सायंकाळी नंदलाल असा क्रम ठेवल्यास सासूबाईंना जे दिसेल, ते सहसा कोणी समजावून सांगत नाही. एकीकडे पाश्चात्त्य पद्धतीने छायाप्रकाश हाताळून उभी केलेली शकुंतला-दमयंतीची घडीव देहयष्टी आहे, तर दुसरीकडे अजिंठ्याचा आणि लघुचित्रांचा अभ्यास केलेल्या, तो पाश्चात्त्य मार्ग जाणूनबुजून सोडलेल्या चित्रकाराची वाहती रेषा आहे. दोघांनाही आश्रय देणारा राजा एकच. गंगावतरणासमोर त्यांना बसायला मिळेल अशी व्यवस्था आधी विचारून ठेवावी.

सासऱ्यांसाठी रावपुऱ्यातील तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला, महाभारतातील प्रसंग आणि इंग्रज-मराठ्यांच्या लढाया रंगवलेल्या आहेत. पुण्याच्या वाड्यांतून वावरलेल्या माणसाला तिथली बैठक लगेच ओळखीची वाटते. जिने मात्र अरुंद आणि उभे आहेत, तेव्हा सासूबाईंना खालीच थांबवणे शहाणपणाचे. रावपुऱ्यात गाडी उभी करण्याचा विचार सोडून द्यावा आणि रिक्षाने जावे.

अकोटा गार्डन यांचे उत्तर

कमाटीबागेतील संग्रहालय कोणीच नीट सांगितले नाही, म्हणून लिहिते. मुलीला आधी देवमाशाच्या सांगाड्यापाशी न्यावे. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी किनाऱ्याला लागलेला हा निळा देवमासा २२ मीटरच्या आसपास लांबीचा आहे आणि इजिप्तच्या ममीपेक्षा मुलांना तोच अधिक आवडतो. एकदा मुलगी खूश झाली की मोठ्यांना युरोपीय तैलचित्रे निवांत पाहता येतात. पिक्चर गॅलरीची इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण युद्धामुळे युरोपातून चित्रे येण्यास विलंब झाला आणि दालन १९२१ मध्ये उघडले.

मात्र माझ्या मते या संग्रहालयातील खरा ऐवज अकोट्याच्या कांस्यमूर्ती हा आहे. आज आपण ज्या अकोट्यातून कामाला जातो-येतो, त्याच ठिकाणी १९५१ मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला आणि त्यांतील काही थेट पाचव्या-सहाव्या शतकांतील आहेत. मुकुट व अलंकार धारण केलेली जीवंतस्वामीची मूर्ती, म्हणजे संन्यास घेण्यापूर्वीचा ध्यानस्थ महावीर, आणि चामरधारिणीची मूर्ती यांच्यासाठी वेगळा वेळ राखून ठेवावा. बहुतेक पाहुणे ममी पाहून बाहेर पडतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

वासणा रस्ता यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या दिवशी सकाळी फत्तेसिंह संग्रहालय व सायंकाळी कीर्तिमंदिर, दुसऱ्या दिवशी सकाळी कमाटीबाग आणि सासऱ्यांना घेऊन मी एकटी तांबेकर वाड्यात, असे ठरवते आहे. राजवाडा पुढच्या खेपेसाठी ठेवते. आणखी एक विचारायचे होते. विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत बाहेरच्या लोकांना विद्यार्थ्यांचे काम पाहता येते का?

दांडियाबाजार यांचे उत्तर

वार्षिक प्रदर्शनाच्या काळात पाहता येते, पण ते शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर भरते. दिवाळीनंतर ते मिळणार नाही. सासूबाईंना ना. श्री. बेंद्रे आणि के. जी. सुब्रह्मण्यन या चित्रकारांविषयी आस्था असेल, तर त्या दोघांनी जिथे शिकवले ती जागा म्हणून आवारातून फेरी मारण्यापूर्वी कार्यालयात परवानगी विचारावी. आणि कमाटीबागेत दुपारी न जाता सकाळी दार उघडताच जावे, कारण सुट्ट्यांत शाळांच्या सहली आल्या की देवमाशाभोवती उभे राहायलाही जागा उरत नाही.