शब्दचर्चा : पायोनियर सिमेट्री, उशाचा दगड आणि 'थडगे' या शब्दाची अडचण

ऐलतीर :
अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या जुन्या दफनभूमींवर, मुख्यतः पोर्टलंड शहरातल्या 'लोन फर' या दफनभूमीवर, मराठीत माहितीपुस्तिका करतो आहे. सोबत दगडांची नोंदवही आणि स्वयंसेवकांसाठी सूचनाही द्यायच्या आहेत. पायोनियर सिमेट्री, ग्रेव्ह, मार्कर, हेडस्टोन, फुटस्टोन, एपिटाफ, कन्सॉर्ट, रेलिक्ट, प्रिझर्व्हेशन, रिस्टोरेशन, अनमार्क्ड या शब्दांना काय म्हणावं? सध्या 'आद्य रहिवाशांचे कब्रस्तान', 'थडगे', 'मृत्युलेख', 'जीर्णोद्धार' आणि 'बेवारस' असं लिहिलं आहे.

शिळालेख :
'आद्य रहिवासी' आधी काढा. विलामेट खोऱ्यात कालापुया आणि कोलंबिया नदीकाठी चिनूक लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. १८५०च्या डोनेशन लँड क्लेम कायद्याने आधीच येऊन राहिलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४० एकर जमीन दिली. ज्यांना ती मिळाली ते 'वसाहतकार'. घरातलं माणूस गेलं की आपल्याच जमिनीच्या एका कोपऱ्यात पुरायचे आणि पुढे शेजारीही तिथेच पुरू लागायचे. लोन फरची सुरुवात अशीच आहे : १८४६मध्ये जमीनमालकाच्या वडिलांचं दफन, १८५५मध्ये रीतसर दफनभूमी, आणि आवारात एकच फर वृक्ष होता म्हणून १८६६पासून हे नाव.

'पायोनियर सिमेट्री' हे बऱ्याच ठिकाणी विशेषनामच आहे, ते तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'वसाहतकारांची जुनी दफनभूमी' असा खुलासा करा. 'ऐतिहासिक दफनभूमी' हा शब्द मात्र जपून वापरा. ऑरेगनमध्ये त्याला ठरलेला अर्थ आहे : १४ फेब्रुवारी १९०९पूर्वी वारलेल्या किमान एका व्यक्तीचं दफन तिथे असलं पाहिजे. 'कब्रस्तान' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुस्लिम दफनभूमी येते. गोव्यात 'सिमितेर' म्हणतात, पण ते घाटावर कळणार नाही. साधं 'दफनभूमी' उत्तम.

टाकी :
माझ्या मते खरा घोटाळा 'थडगे' या शब्दात आहे. मराठीत थडगं म्हणजे खालची पुरलेली जागाही आणि वरचं बांधकामही. गोष्ट सांगताना चालून जातं, नोंदवहीत नाही. 'थडगी ४०' यातून वाचकाने काय समजायचं? चाळीस माणसं पुरली आहेत की चाळीस दगड उभे आहेत? हे दोन आकडे क्वचितच जुळतात. एका दगडावर चार मुलांची नावं असतात. कुठे दगड आहे पण माणूस दुसरीकडेच पुरलेला. कुठे गवत कापताना आडवा आलेला दगड कुणीतरी उचलून कुंपणाला टेकवलेला. म्हणून जमिनीतल्या जागेला 'कबर' आणि वर असेल त्याला 'दगड' म्हणा, आणि दोघांना वेगळे क्रमांक द्या.

हेडस्टोन-फुटस्टोनला 'उशाचा दगड' आणि 'पायथ्याचा दगड'. शिरोशिला वगैरे घडवण्याची गरज नाही. ख्रिस्ती रिवाजात डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, त्यामुळे पायथ्याचा दगड पूर्वेला सापडतो. तो बुटका असतो आणि त्यावर बहुधा फक्त आद्याक्षरं असतात. नवखा माणूस त्याला लहान मुलाची वेगळी कबर समजून नोंदवतो आणि एकाची दोन होतात. मागे उशाच्या दगडावर तीच आद्याक्षरं आहेत का, ते आधी पाहावं.

मेघना :
'मृत्युलेख' नको. तो वर्तमानपत्रात येतो. एपिटाफला 'समाधिलेख' रुळलेला आहे.

कन्सॉर्ट म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेली बायको, रेलिक्ट म्हणजे मागे राहिलेली विधवा. आपल्याकडच्या 'सौ.' आणि 'गं. भा.' यांच्याशी अर्थ जुळतो, पण भाषांतरात ते घालू नका, सगळी हिंदू छटा येते. कन्सॉर्टला 'पती हयात असताना निधन' असं लिहा. संशोधनाला हा मूळ शब्द फार उपयोगी पडतो : कन्सॉर्ट दिसलं की नवऱ्याच्या मृत्यूची तारीख नंतरची, आणि त्याचं दुसरं लग्न शोधायला हरकत नाही.

वयाचंही बघा. 'इन हिज थर्टीफिफ्थ इयर' म्हणजे पस्तीस वर्षांचा नव्हे. चौतीस पूर्ण, पस्तिसावं चालू. कित्येक दगडांवर जन्मतारीख नसते, फक्त 'वय ३४ व. ५ म. २० दि.' असतं. मृत्यू १० मार्च १८६२ असेल तर आधी वर्षं वजा करा (१० मार्च १८२८), मग महिने (१० ऑक्टोबर १८२७), मग दिवस : २० सप्टेंबर १८२७. नोंदवहीत दगडावरचा मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात आणि काढलेली तारीख दुसऱ्या रकान्यात 'गणिताने' असा शेरा मारून ठेवा. पाथरवटानं 3 चा 8 केलेला असू शकतो, शिवाय झिजलेले इंग्रजी आकडे 1 आणि 4, 3 आणि 8 सहज एकमेकांसारखे दिसतात.

पडताळ्याला ऑरेगनची राज्यव्यापी मृत्युनोंद १९०३पासूनच मिळते. त्याआधीसाठी १८५० ते १८८०च्या जनगणनांसोबतच्या मृत्युयाद्या आहेत. पण त्यांत १ जूनच्या आधीच्या बारा महिन्यांत वारलेलेच येतात, म्हणजे दहातलं एकच वर्ष. बाकी चर्चच्या वह्या, वारसापत्रं, जमिनीचे कागद.

टाकी :
प्रिझर्व्हेशन आणि रिस्टोरेशनबद्दल. 'जीर्णोद्धार' म्हटलं की लोक हातात ऑइलपेंट आणि सिमेंट घेऊन येतात, हा शब्दाचाच दोष आहे. आहे ते आहे तसं टिकवणं म्हणजे 'जतन'. मोडलेलं जोडणं, कललेलं उभं करणं म्हणजे 'दुरुस्ती'. सूचनांमध्ये हे दोनच शब्द ठेवा.

जतनात धुणं आलं, तर त्यासाठी 'घासणे' हे क्रियापद वापरू नका. दगड आधी पाण्याने पूर्ण भिजवायचा, मऊ ब्रशने खालून वर जायचं म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर उठत नाहीत, आणि शेवटी भरपूर पाणी. शेवाळ, दगडफूल यांसाठी लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर, ब्लीच, आम्ल यांतलं काहीही नको. संगमरवर चुन्याचाच, आम्लाने विरघळतो. ब्लीचमधले क्षार दगडात शिरून आत स्फटिक धरतात आणि वरचा थर उडवतात. हात लावल्यावर दगड रव्यासारखा सुटत असेल किंवा पापुद्रे निघत असतील तर धुवायचाच नाही, फक्त फोटो. वाचता येत नसेल तर खडू, पीठ, दाढीचा फेस फासू नये. आरशाने ऊन बाजूने, अगदी तिरकं पाडलं की अक्षरांच्या कडांची सावली पडते आणि तारीख वाचता येते.

दुरुस्ती म्हणाल तर ९० × ४५ × ५ सेंमीची संगमरवरी पाटीसुद्धा साधारण ५५ किलोची भरते, एकट्याने हलवू नये. उभी करताना खाली खडी-वाळूचा थर, पाव ते तिसरा हिस्सा जमिनीत. काँक्रीटमध्ये घट्ट बसवली तर धक्का लागल्यावर ती नेमकी जमिनीलगत मोडते. सांध्यांना चुन्याचा गिलावा. सिमेंट त्या दगडापेक्षा कडक आणि पाणी बाहेर न सोडणारं, त्यामुळे आत कोंडलेलं पाणी दगड फोडतं.

ऐलतीर :
थडग्याचा मुद्दा पटला, सगळे रकाने बदलतो. 'बेवारस' चालेल ना?

शिळालेख :
अजिबात नको. लोन फरच्या 'ब्लॉक १४' या भागात चिनी कामगार पुरले होते. त्यांच्या माणसांनी पुष्कळांच्या अस्थी उकरून मायदेशी नेल्या, तो त्यांचा रिवाज होता. उरलेल्यांवर १९५०च्या दशकात काउंटीची (स्थानिक जिल्हा प्रशासनाची) इमारत उभी राहिली आणि पुढे तपासात खाली अवशेष असल्याचं कळल्यावर ती पाडली गेली. त्या लोकांना वारस होते, त्यांची नोंद राखली गेली नाही. 'बेवारस' लिहिलं की दोष मेलेल्यांवर जातो.

अनमार्क्डसाठी 'बिनदगडाची कबर' लिहा. 'निनावी' वेगळं ठेवा, कारण दगड नसला तरी दफनवहीत नाव असू शकतं आणि दगड असूनही नाव झिजलेलं असू शकतं. नुसत्या अंदाजाला 'संभाव्य कबर' : पूर्व-पश्चिम लांबट खळगा, किंवा मुद्दाम लावलेली आयरिस नि व्हिंका मायनर ही फुलझाडं. (व्हिंकाला 'सदाफुली' करू नका. ती निळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेगळी वेल आहे.) खात्री करायला कुदळ-सळई घालायची नाही. जमिनीत रडार लहरी सोडून पाहता येतं, पण चिकणमातीत त्या फार खोल जात नाहीत, तेव्हा 'रडारला काही दिसले नाही' याचा अर्थ 'कबर नाही' असा रकान्यात भरू नका.