कोहात ‘बेळगांव’ भरलं, ‘बेळगाव’ शोधलं, पुस्तकच सापडंना

खानापूरवाली:
नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी चार ते सात बसते. पुस्तकं चार हजारांवर, जास्त मराठी, बाकी कन्नड. दाखल रजिस्टरं तीन, त्यातल्या पहिल्याचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लाय. यंदा कोहा (वाचनालयाच्या यादीचं सॉफ्टवेअर) बसवलं आणि रोज थोडं थोडं भरतेय.

बुधवारी एक निवृत्त गुरुजी आले. ‘बेळगाव’ शोधा म्हणाले. सात पुस्तकं आली. ते उठले, कपाटातून आणखी तीन काढून माझ्यासमोर ठेवली. “बाई, ही तुमच्या यंत्राला दिसंनात व्हय?” तिन्हींवर ‘बेळगांव’ छापलंय, अनुस्वारासकट. मी छापलंय तसंच भरलं होतं.

आता अनुस्वार काढू का? कमिटीतले एकजण म्हणतात, २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालंय, सगळीकडे तेच घाला. त्यांचा मुलगा म्हणतो, मार्क (आकड्यांच्या रकान्यांत पुस्तकाची नोंद भरायची पद्धत) जाणार, तिच्या जागी बिबफ्रेम येणार, कशाला डोकं फोडताय. मी ऐकू कुणाचं?

निपाणीकर:
ताई, अनुस्वाराला हात लावू नका. १९६२ च्या लेखननियमांत न उच्चारलेले अनुस्वार गेले, त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ असंच भेटणार. मार्कच्या २४५ या रकान्यात शीर्षक मुखपृष्ठामागच्या शीर्षकपानावर आहे तसं. आजच्या लेखनातलं शीर्षक २४६ मध्ये. दोन्हींवर शोध लागतो.

गावाच्या नावाचं दुखणं वेगळं. प्रकाशनस्थळ २६४ मध्ये छापलेलंच ठेवा. पुस्तक मुंबई इलाख्याच्या काळातलं असेल तर त्यावर बेळगावी कुठून येणार? विषय म्हणून मात्र ६५१ मध्ये सगळीकडे एकच रूप हवं. त्यासाठी अधिकृत नावाची एक नोंद करा: १५१ मध्ये तुम्ही ठरवाल ते, आणि ४५१ मध्ये बाकीची सगळी, बेळगांव, बेळगावी, बेलगाम, कन्नड लिपीतलंही. कोहाच्या सेटिंगमध्ये ‘इन्क्लूड सी फ्रॉम इन सर्चेस’ (४५१ मधली नावंही शोधात धरणं) चालू करून पुन्हा इंडेक्स करा. मग कमिटीत कुठलं नाव जिंकतंय याची काळजी नको. (ते भांडण कोहानं मिटणार नाही म्हणा.)

शहापूरचा:
आणि ‘ऱ्या’ तपासा की! ‘दुसऱ्या’तला अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो. एक नुक्त्याचा ऱ, दुसरा साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला एकच, मशीनला दोन. आमच्याकडं दोघं टायपिंग करत होते, महिनाभर कळलंच नाही. झेब्राचं, म्हणजे कोहातल्या शोधयंत्राचं, इंडेक्सिंग आयसीयूवर (युनिकोड अक्षरं हाताळणाऱ्या पद्धतीवर) आहे का तेही बघा, देवनागरीला ते बरं पडतं.

खानापूरवाली:
अगं बाई! आत्ताच ‘दुसऱ्या’ शोधून बघितलं. माझ्या मोबाईलवरून एक, ऑफिसच्या कीबोर्डवरून चार.

निपाणीकर:
कीबोर्ड एकच ठरवा, आणि जुन्या नोंदी बदलून घ्या.

बिबफ्रेमचं म्हणाल तर लायब्ररी ऑफ काँग्रेसनं पहिला मसुदा २०१२ मध्ये मांडला, आणि मार्क अजून चालूच आहे. बिबफ्रेममध्ये पुस्तक गावाच्या नावातल्या अक्षरांना न जोडता त्या गावाच्या एका ओळखीला जोडतात. म्हणजे तुमची १५१–४५१ ची नोंद नीट असली तर पुढं तीच कामी येते. पोराला सांगा, उद्याचंच काम आज करतोय.

खानापूरवाली:
सांगते. तोवर एक: हातात एक पुस्तक आहे, त्यावर साल फक्त ‘शके १८४५’. कोहा चार आकडी सन मागतंय.

निपाणीकर:
७८ मिळवा, १९२३. पण शके चैत्रात बदलतं, म्हणून जानेवारीपासून पाडव्यापर्यंत छापलं असेल तर १९२४. २६४ मध्ये ‘शके १८४५’ आणि पुढं चौकोनी कंसात ‘१९२३ किंवा १९२४’. प्रस्तावनेखाली तिथी असली तर बघा, बहुतेकदा असते.

खानापूरवाली:
आहे! माघ शुद्ध पंचमी.

निपाणीकर:
मग प्रस्तावना १९२४ ची. कंसातलं ‘१९२३ किंवा’ काढा.