मागातून निघालेली गाडी : टोयोटावाल्यांनो, लिहा

गेल्या दिवाळीत आमची टोयोटा क्वालिस विकली. २००२ची, पांढरी, टपावर कॅरिअर. नेणारा निपाणीकडचा होता. गाडी गल्लीतून बाहेर पडेस्तोवर बाबा आतच बसून होते. इचलकरंजीतले आमचे बावीस माग भंगारात वजनावर गेले, त्या दिवशीही ते असेच आत बसले होते. दोन्हींचा काही संबंध आहे की काय, असं उगाच मनात आलं. रात्री वाचत बसलो तर संबंध खरंच निघाला.

टोयोटा ही मुळात मागवाल्यांची कंपनी. साकिची टोयोडा, जन्म १८६७चा, सुताराचा मुलगा. घरोघरी बायका हातमागावर राबताना बघून त्याने लाकडी मागात सुधारणा केली आणि १८९१ साली पहिलं पेटंट घेतलं. पुढे १९२४ला त्याचा 'जी टाइप' स्वयंचलित माग आला. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातली कांडी (धाग्याची रीळ) संपली की माग चालू असतानाच धोटा आपोआप बदलायचा, आणि ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एक धागा तुटला तरी माग स्वतःहून थांबायचा. ज्यांनी मागाच्या खात्यात दिवस काढलेत त्यांना याचं मोल सांगायला नको. आमच्याकडे साधे माग. धागा तुटला आणि कामगाराची नजर दुसरीकडे असली, तर पुढचं कापड फॉल्टचं, पडत्या भावात जायचं. म्हणून एका माणसाला चार मागांवर नजर फिरवत उभं राहावं लागे. साकिचीच्या मागावर एक माणूस तीस-तीस माग सांभाळायचा.

१९२९ला इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क घेतले, करार एक लाख पौंडांचा. पुढच्याच वर्षी साकिची गेला. मुलगा किइचिरो याला मोटारीचं वेड. त्याने १९३३ला मागाच्या कारखान्यातच मोटारीचं खातं उघडलं, १९३६ला 'एए' नावाची पहिली गाडी विक्रीला आणली आणि १९३७ला वेगळी कंपनी काढली. टोयोडाचं टोयोटा त्याच सुमारास झालं. बोधचिन्हासाठी स्पर्धा ठेवली होती, २७ हजार प्रवेशिका आल्या. जपानी लिपीत 'टोयोटा' आठ फटकाऱ्यांत लिहून होतं आणि आठ आकडा तिकडे शुभ. (आपल्याकडे नंबरप्लेटची बेरीज करणारे काका आठवले.)

युद्धानंतर कंपनी बुडायच्या बेतात होती. १९५०ला संप झाला, कामगार कमी करावे लागले आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोने राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी सैन्याच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कारखाना तगला. किइचिरो १९५२ला गेला, वय सत्तावन्न. कंपनीचे चांगले दिवस त्याला बघायला मिळाले नाहीत.

भारतात ऐंशीच्या दशकात डीसीएम या इथल्या कंपनीबरोबर त्यांचे ट्रक आले होते. गाडी आली ती किर्लोस्करांबरोबर. १९९७ला बंगळुरूजवळ बिडदीला कंपनी झाली, २०००ला क्वालिस. ही भागीदारी करणारे विक्रम किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पणतू. ज्यांनी १८८८ला बेळगावात सायकलचं दुकान टाकलं, लोखंडी नांगर केला आणि १९१०ला आमच्या सांगली भागात किर्लोस्करवाडी वसवली, ते लक्ष्मणराव. आणि गंमत अशी की या दोन घराण्यांची भागीदारी आधी कापडधंद्याच्या यंत्रांत झाली, गाडी नंतर आली.

म्हणजे एकीकडे माग, दुसरीकडे नांगर आणि मधे आमची क्वालिस. असो. माझं पुराण पुरे. टोयोटा चालवलेल्यांनी, चालवणाऱ्यांनी, घ्यायची राहून गेलेल्यांनीही लिहावं. 'कितना देती है' एवढंच नको.

• मिरजेहून

दादा, क्वालिसचं नाव काढलंत आणि बसलो लिहायला. आमचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा. वडिलांकडे आधी दुसऱ्या कंपनीची मोठी गाडी होती, तिचं नाव घेत नाही, निम्मा महिना ती गॅरेजलाच. २००१ला क्वालिस घेतली. लोक म्हणाले, ही काय डबा गाडी, इंडोनेशियातलं जुनं मॉडेल इथं आणून खपवतायत. ते खोटं नव्हतं, तिकडं तिला किजांग म्हणतात. पण बघा, जुनं म्हणजे तावून सुलाखून निघालेलं. २.४ लिटरचं डिझेल इंजिन, ७५ हॉर्सपॉवर, पळायला काही खास नाही. तिरुपती, अष्टविनायक, पंढरपूर, मधेच लग्नाचं वऱ्हाड, आणि परत आली की रात्री मिरजेच्या दवाखान्यातला पेशंट घेऊन कर्नाटकात. मी तिच्या मागच्या बाकावर झोपून मोठा झालो म्हटलं तरी चालंल.

२००५ला कंपनीनं क्वालिस बंद केली तेव्हा आम्हाला खरं वाटंना. खपणारी गाडी बंद करतंय होय कोण? वडील म्हणाले, यांचं डोकं फिरलं. मग इनोव्हा आली. पहिली वर्षभर आम्ही घेतलीच नाही, रुसून. शेवटी गिऱ्हाईकच म्हणाय लागलं, 'इनोव्हा असली तर सांगा.' आता तीन आहेत. एक चार लाख ऐंशी हजारांवर आहे. तेल वेळेवर बदला आणि लाख झाले की टायमिंग बेल्ट बदला, एवढीच पूजा. बेल्टचा दिवा लागूनसुद्धा 'अजून पळतीया की' म्हणणारे महाभाग मी बघितलेत, नंतर त्यांचं बिलही बघितलंय.

• नाशिकहून

मी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. मुलीने तिची जुनी इटिऑस दिली. इटिऑसमधे स्पीडचा काटा चालवणाऱ्यासमोर नसतो, डॅशबोर्डच्या मधोमध असतो. कुणाच्या डोक्यातून हे निघालं ते माहीत नाही, पण त्यामुळे शेजारी बसलेल्या नवऱ्याला माझा वेग माझ्याआधी दिसतो. 'साठ झाले. पासष्ट झाले.' कसारा घाट उतरताना मी शेवटी त्या काट्यावर रुमाल टाकला.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. मागची जागा भरपूर, डिकीत द्राक्षांच्या पेट्या मावतात.

• मुंबईहून

२६ जुलै २००५. आमची क्वालिस कलिन्यात सोसायटीच्या आवारात उभी होती, पाणी सीटच्या वर. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर सगळे खाली आले आणि ज्याने त्याने आपापली किल्ली फिरवली. शेजाऱ्यांच्या गाडीतून एक 'खट्ट' आवाज आला आणि इंजिन कायमचं बसलं. सिलिंडरमधे पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी पहाटेच किल्ली काढून खिशात घातली होती.

मग आठ दिवस तेच काम. बॅटरी काढली, तेल सगळं उतरवलं (दुधाळ चहासारखं निघालं), डिझेलची टाकी रिकामी केली, सीटा गच्चीवर वाळत घातल्या. इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढलं. नवव्या दिवशी ती सुरू झाली. वास मात्र दोन पावसाळे गेला नाही. इन्शुरन्सवाल्यांचं इथे नको, रक्तदाब वाढतो. पण एवढं लक्षात ठेवा : गाडी पाण्यात गेली असेल तर किल्ली फिरवू नका. कुठल्याही कंपनीची असो.

• मस्कतहून

इथे लँड क्रूझरला गाडी म्हणत नाहीत, घरातलं माणूस समजतात. माझी १९९८ची, एका ओमानी गृहस्थांकडून घेतलेली. व्यवहार झाल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, दोन खजूर माझ्या हातावर ठेवले आणि मागे न बघता गेले. इचलकरंजीच्या काकांचं वाचून तेच आठवलं.

हिचा मूळ पुरुष १९५१चा, 'टोयोटा जीप बीजे'. तो फुजी पर्वतावर सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवला होता. 'जीप' हे नाव दुसऱ्याचं, म्हणून १९५४ला लँड क्रूझर झालं. मी फुजी बघितलेला नाही. वहिबाच्या वाळूत मात्र पहिल्याच खेपेला रुतलो, कारण टायरची हवा कमी करायची असते हेच ठाऊक नव्हतं. वाळूत पस्तीसची हवा पंधरा-अठरावर आणायची म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. एका बदू (वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या) मुलाने, वय असेल चौदा, काडीने चारही टायरची हवा सोडली आणि मला शेजारी बसवून गाडी बाहेर काढली. नंतर मला म्हणाला, "गाडी चांगली आहे." पुढचं वाक्य तो बोलला नाही, पण मला कळलं.

• ह्यूस्टनहून

आमच्या विद्यापीठात एक कोरोला होती. २००४ची, बेज रंगाची. ती कुणा एकाची नव्हतीच. सीनियर मुलगा नोकरीला लागला की ज्युनियरला विकायचा, वरून कुकर, गादी आणि अर्धं तांदळाचं पोतं मोफत. मी तिची पाचवी मालकीण. माझ्यानंतर सहावा जळगावचा, त्याने तिच्यात भरताची वांगी नेऊन सीटला जो वास लावला तो लावलाच. (वाचत असशील तर, हो, तुलाच.) त्या गाडीवर किमान आठ जण ड्रायव्हिंगची परीक्षा पास झालेत.

याच कंपनीची इथली सुरुवात मात्र फजितीची होती. १९५७ला 'टोयोपेट क्राउन' अमेरिकेत आणली, पण जपानच्या रस्त्यांवर दणकट वाटलेली ती गाडी इथल्या हायवेच्या वेगाला पुरेना. काही वर्षांत परत नेली. दुसऱ्या खेपेला सावध होऊन आले. २००९-१०ला पुन्हा हात पोळले, फ्लोअरमॅटमधे अडकणारं आणि चिकटणारं अॅक्सिलरेटर पेडल यापायी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि साकिचीचा पणतू आकिओ याला अमेरिकी काँग्रेससमोर येऊन माफी मागावी लागली. हे लिहिलं कारण वर सगळी आरतीच चालली आहे.

• चाकणहून

मी टोयोटा कधी घेतली नाही. पण पंचवीस वर्षं तिच्याच भाषेत नोकरी केली. काइझेन (सतत थोडी थोडी सुधारणा), कानबान (लागेल तेवढंच मागवायची चिठ्ठी), पोका-योके (चूक होऊच न देणारी सोय), गेम्बा (प्रत्यक्ष कामाची जागा). आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करते, टोयोटाचे नाही, पण भिंतीवर फलक त्यांचेच. ही सगळी व्यवस्था बसवणारा ताइइची ओनो हाही मूळचा टोयोडांच्या सूतगिरणीतला, मोटारीत नंतर आला. अमेरिकी सुपरमार्केटातल्या फळीवरून गिऱ्हाईक उचलेल तेवढंच परत भरतात, हे त्याने हेरलं आणि कारखान्यात लावलं : पुढच्या माणसाने मागितलं तरच मागच्याने बनवायचं.

लाइनवर दोरी असते, चूक दिसली की कुणीही ओढायची आणि लाइन थांबवायची. तोच तुमचा धागा तुटल्यावर थांबणारा माग. आमच्याकडेही दोरी लावली होती. पहिल्या आठवड्यात एका कंत्राटी पोराने ती ओढली. सुपरवायझर त्याच्यावर जो ओरडला, त्यानंतर ती दोरी कुणी ओढली नाही. दसऱ्याला तिला हार मात्र घातला जायचा.

मी मारुती चालवतो.

• फोंड्याहून

आमची ग्लान्झा. लोक विचारतात, "म्हणजे बलेनोच ना?" होय, बलेनोच. २०१९पासून सुझुकी आणि टोयोटा एकमेकांच्या गाड्यांवर आपापला बिल्ला लावून विकतात. शोरूम घराजवळ पडलं म्हणून घेतली. संपलं.

• नागोयाहून

इचलकरंजीकर, तुम्ही लिहिलेला माग मी पाहिला आहे, चालताना. इथे नागोयात टोयोडांच्या जुन्या गिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत संग्रहालय आहे, १९९४ला उघडलं. लोकांना वाटतं गाड्याच असतील, पण आधी मोठं दालन मागांचं. मी सोलापूरची, आजी चादरीच्या कारखान्यात होती, त्यामुळे मी पुढे गेलेच नाही. तिथल्या गाइडने माग सुरू केला, मग ताण्याचा एक धागा तोडला. माग जागच्या जागी थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला आजीचे कान आठवले. शेवटची दहा वर्षं तिला ओरडून सांगावं लागायचं.

इथे गाडी बाळगणं सोपं नाही. आधी घरापासून दोन किलोमीटरच्या आत पार्किंगची जागा आहे, असा पोलिसांचा दाखला. नव्या गाडीची तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी 'शाकेन' ही तपासणी, तिचा खर्च एवढा की लोक तपासणी आली की गाडीच विकून टाकतात. आमची हायब्रिड प्रियस तशीच कुणीतरी विकलेली. पहिल्यांदा सुरू केली तेव्हा इंजिनचा आवाज नाही, म्हणून मी तीनदा बटण दाबलं.

मागाचा व्हिडिओ आहे माझ्याकडे, धागा तोडतानाचा. हवा तर पाठवते.

• इचलकरंजीहून, पुन्हा

ताई, व्हिडिओ मिळाला. काल रात्री जेवणानंतर बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि तीनदा बघितला. धागा तुटतो तिथे दरवेळी मान थोडी पुढे जायची. धोटा आपोआप बदलतो तिथे फोन हातात घेऊन अगदी जवळ धरला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, क्वालिसबद्दल, मागांबद्दल.

म्हणाले, "हे झालं. पण कांड्या कोण भरतंय?"