ऑफिसचा कॉम्प्युटर: जुन्या डिस्कमधल्या फायली लिनक्स मिंटवर नेताना

सचिव (ए-१०२): नमस्कार. सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपला प्रोसेसर आय-थ्री, चौथ्या पिढीचा आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. म्हणून कमिटीने २४० जीबीची एसएसडी घेऊन त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरवलंय. जुनी डिस्क ५०० जीबीची, त्यात साधारण १८० जीबी भरलेलं आहे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी आटपायचं आहे. काय काय सांभाळायचं ते जाणकारांनी इथेच लिहा.

बी-२०४: पहिलं म्हणजे २४० नको, ५०० ची घ्या. २४० वाली विंडोजच्या मोजणीत २२३ च भरते. मिंटला २०-२५ सोडले की १८० जीबी टाकल्यावर हलायला जागा उरत नाही.

दुसरं, मिंट इन्स्टॉल करताना जुनी डिस्क कॅबिनेटमध्ये जोडलेली असताच कामा नये. डेटाची आणि पॉवरची, दोन्ही वायर काढून ठेवा. इन्स्टॉलर 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' असं विचारतो तेव्हा यादीत दोन डिस्क असल्या तर चुकीची निवडायला एक क्लिक पुरतो.

सी-३०१: हेच सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय मिंटला जोडल्यावर जुन्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. कट-पेस्ट नाही, फक्त कॉपी. 'रिपेअर' विचारलं तरी नाही म्हणायचं. नव्या जागी सगळं आलं आणि तपासून झालं, की मगच तिचा विचार.

सचिव (ए-१०२): मग जुनी डिस्क परत जोडायची कशी? यूएसबीची ती वायर मिळते ना, फोंड्यात बघू का?

बी-२०४: ती घेऊ नका. साधी यूएसबी-साटा वायर लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला चालते, कारण तिला ५ व्होल्ट पुरतात. आपली साडेतीन इंची आहे, तिची मोटर १२ व्होल्टवर फिरते. यूएसबीतून ते मिळत नाहीत, म्हणून डिस्क सुरूच होत नाही आणि माणूस समजतो डिस्क गेली. वेगळ्या अॅडॅप्टरचा डॉक लागेल.

पण आपल्याला तोही नको. कॅबिनेटमधला डीव्हीडी ड्राइव्ह कोणी वापरत नाही. त्याच्या मागच्या दोन वायर काढा, अरुंद ती डेटाची, रुंद ती पॉवरची, आणि त्याच जुन्या डिस्कला लावा. दोन्हींचं तोंड 'एल' आकाराचं असतं, उलटं बसत नाही. जोर करायचा नाही. शून्य खर्च, आणि आपल्या मशीनच्या पुढच्या यूएसबी २ पोर्टपेक्षा वेग तिप्पट. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे १८० जीबीला पावणेदोन तास. साटावर अर्धा तास. स्कॅन केलेल्या बारक्या बारक्या फायली हजारोंनी असतील तर मात्र दोन्हीकडे वेळ वाढतो, तेव्हा दोन तास धरून चला.

बी-२०४: पावसात बंद ऑफिसमध्ये राहिलेली डिस्क आहे. जोडताना सोनेरी पट्ट्या बघा. काळपट दिसल्या तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हलकेच पुसा, सुकू द्या. खरवडायचं नाही, वरचा मुलामा निघतो.

सी-३०१: डिस्क काढण्याआधी विंडोजमध्ये करायची कामं जास्त आहेत, ती राहिली की नंतर हात चोळत बसावं लागतं.

शेवटचं बंद करताना शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा. साध्या शटडाउनमध्ये विंडोज १० पूर्ण बंद होत नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर अर्धी अवस्था डिस्कवर साठवून झोपतं. अशी डिस्क मिंटला जोडली की एकतर उघडायला नकार मिळतो किंवा फक्त वाचता येते. त्यावर इंटरनेटवर 'हायबरनेशन फाइल उडवा' असा उपाय सापडतो. तो करू नका, न साठवलेलं काम त्याच्याबरोबर जातं. डिस्क परत विंडोजमध्ये सुरू करून नीट बंद करा.

वनड्राइव्ह चालू असेल तर फोल्डरमध्ये ढगाची निळी खूण असलेल्या फायली बघा. त्या डिस्कवर नसतातच, नुसतं नाव असतं. मिंटमधून त्या उघडणार नाहीत. फोल्डरवर राइट क्लिक करून 'नेहमी या कॉम्प्युटरवर ठेवा' निवडा, सगळ्या उतरल्या की हिरवी खूण येते.

क्रोममधले पासवर्ड फोल्डर कॉपी करून येत नाहीत. ते त्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद असतात. क्रोममधूनच एक्स्पोर्ट करा, मिंटवर इम्पोर्ट करा आणि ती फाइल लगेच पुसा, कारण तिच्यात पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. फायरफॉक्स असेल तर अख्खा प्रोफाइल फोल्डर नेला तरी चालतो.

ए-४०३ (खजिनदार): टॅलीचं काय? आठ वर्षांचे हिशेब आहेत.

सी-३०१: ताई, टॅली लिनक्ससाठी येत नाही. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज आहे, ते तिकडेच न्या. आधी टॅलीतूनच बॅकअप घ्या, आणि वर डेटाचा अख्खा फोल्डरही घ्या. कंपनी निवडायच्या पडद्यावर त्याचा मार्ग दिसतो. आत १०००० असे आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, एकेक कंपनीचा एकेक. नावावरून काही कळत नाही म्हणून लोक नेमके तेच सोडून देतात.

ए-४०३ (खजिनदार): आणि लायसन्स?

सी-३०१: जुन्या मशीनवरून आधी 'सरेंडर' करा, मग लॅपटॉपवर अॅक्टिव्हेट. डिस्क काढल्यावर आठवलं तर उगाच खेटे.

बी-१०३: अहो, सगळ्यात मोठी अडचण कोणी बोललंच नाही. २०१५ च्या आधीची इतिवृत्तं आणि चवथीची घुमट आरत्यांची (घुमट या मातीच्या वाद्यावर म्हणायच्या आरत्यांची) पुस्तिका श्रीलिपीत, म्हणजे जुन्या मराठी टायपिंग प्रोग्राममध्ये, टाइप केलेली आहे. ती युनिकोड, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी पद्धत, नाही. फाइलमध्ये खरी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसला की सगळं पान कचरा दिसतं, आणि बघणारा म्हणतो फाइल खराब झाली. ती खराब नसते, कृपा करून पुसू नका.

सचिव (ए-१०२): काकी, मग करायचं काय?

बी-१०३: तीन गोष्टी. जुन्या विंडोजमध्ये असतानाच प्रत्येक फाइल उघडून पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फॉन्टही सोबत जातो, छापायला आणि दाखवायला अडत नाही. पण त्यात शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही.

फॉन्टच्या फायली विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून वेगळ्या काढून ठेवा. मिंटमध्ये त्यावर डबल क्लिक करून इन्स्टॉल करता येतात, मग लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधला वर्डसारखा प्रोग्राम) जुनी फाइल वाचता येते. श्रीलिपीचा टायपिंग प्रोग्राम मात्र तिथे चालेल असं धरू नका, दुरुस्ती करायची तर युनिकोडमध्येच.

पुस्तिका दरवर्षी लागते, म्हणून ती कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि ओळ न् ओळ वाचून घ्या. रफार एक अक्षर पुढे सरकतो, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, 'र्‍य' आणि 'द्य' तर हमखास बिघडतात. 'सुखकर्ता'मधला रफार 'त'वर आहे की भलतीकडे गेलाय, तिथूनच सुरुवात करा. वाचायला मी बसते.

सी-३०१: काकींचं वाचून आणखी एक आठवलं, फायलींची नावं. विंडोज नावात २५५ अक्षरं मोजतं, मिंट २५५ बाइट. मराठीचं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त सुद्धा, ३ बाइट घेतं. म्हणजे मराठीत फक्त ८५ खुणा बसतात. ऑफिसात असली नावं आहेत: '२०१८-१९ वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त अंतिम दुरुस्त प्रत सचिव व खजिनदार यांच्या सहीसह स्कॅन रंगीत' आणि पुढे टिंब पीडीएफ. मोजलं तर १०३ खुणा, विंडोजला चालते. बाइट होतात २७१. मिंट 'नाव फार लांब' म्हणून ती एकच फाइल सोडून देईल, आणि घाईत 'सगळ्यांसाठी वगळा' दाबलं की कायमची राहील. विंडोजमध्येच नावं आखूड करून घ्या.

सचिव (ए-१०२): आज संध्याकाळी करतो. कॉपी झाल्यावर खात्री कशी करायची?

सी-३०१: त्याआधी, डिस्क जोडल्याबरोबर मिंटमधलं 'डिस्क्स' उघडून स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची, माहिती बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचताना अडलेल्या जागा) शून्य असेल तर सरळ कॉपी करा. शून्याच्या वर असेल किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर थांबा. चेकडिस्क (विंडोजचा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम) चालवायचं नाही, मरणाऱ्या डिस्कला ते अजून दमवतं. अशा वेळी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढतात, सोपा भाग आधी आणि खराब जागा शेवटी. प्रतिमा पूर्ण ५०० जीबीची होते, म्हणून १ टीबीची बाहेरची डिस्क लागेल, आणि ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

पडताळणीसाठी दोन्ही फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या जुळवा. पण संख्या जुळली म्हणजे आतलं जुळलं असं नाही. कॉपी आरसिंक या कॉपीच्या प्रोग्रामने करा आणि तोच आदेश चेकसमची (आतला मजकूर ताडून बघण्याची) खूण देऊन पुन्हा चालवा. वेगळी निघालेली फाइल तो नावानिशी सांगतो आणि परत आणतो. याला पहिल्याइतकाच वेळ लागतो, तेवढा द्या.

बी-२०४: पाऊस चालू आहे, लाइट जाते. कॅबिनेट यूपीएसवर असू द्या, मॉनिटर नंतर बंद केला तरी चालेल. विजा कडकडत असतील त्या दिवशी काम सुरूच करू नका.

ए-४०३ (खजिनदार): जुनी डिस्क मग भंगारात?

बी-२०४: मुळीच नाही. पुढचं ऑडिट होईपर्यंत ती तशीच ठेवायची. अँटिस्टॅटिक पिशवीत, दोन सिलिका जेलच्या पुड्या, वर तारीख लिहून. ऑफिसच्या खणात नको, तिथे ओल येते. भागधारक नोंदवही, फॉर्म एक व चौदाचे (जमिनीच्या उताऱ्याचे) स्कॅन आणि इतिवृत्तं यांची तिसरी प्रत पेनड्राइव्हवर खजिनदारांकडे.

सचिव (ए-१०२): ठरलं. शनिवारी सकाळी १० ला ऑफिस उघडतो. ५०० ची एसएसडी उद्या मडगावहून आणतो.

बी-२०४: साटाची एक जादा वायर पण आणा, ५० सेंमीची. आखूड वायर डीव्हीडीच्या खणापासून पुरत नाही. स्क्रूड्रायव्हर माझा.

बी-१०३: आणि शनिवारपर्यंत त्या कॉम्प्युटरचे फॉन्ट कोणी हलवू नका. शुक्रवारी दुपारी येऊन मी पीडीएफ करायला घेते, चाव्या वॉचमनकडे ठेवा.