मदत हवी आहे: मे महिन्यातल्या संगीत महोत्सवात जुन्या कपड्यांचा स्टॉल (पणजीजवळ)

नमस्कार. मी डिचोलीची. जुने कपडे जमवते, धुऊन, रफू करून विकते. आतापर्यंतची सगळी विक्री घरून आणि इन्स्टाग्रामवरून. येत्या मे महिन्यात पणजीजवळ मोकळ्या मैदानावर तीन दिवसांचा संगीत महोत्सव आहे, तिथे दहा बाय दहा फुटांची जागा मिळाली आहे. वेळ दुपारी चार ते रात्री दहा. सावंतवाडीची एक मैत्रीण भागीदार आहे, निम्मा माल तिचा.

गिऱ्हाईक येईल याची मला खात्री आहे. काळजी आहे ती कपड्यांची.

माल असा: तारवटी (जहाजांवर कामाला असलेले गोंयकार) आणि आखातात नोकरीला गेलेले लोक सत्तर-ऐंशीच्या दशकात घालायचे ते शर्ट. लांब टोकांची कॉलर, टेरिलीनचं कापड, भडक फुलं. काहींच्या कॉलरच्या आत मडगावच्या शिंप्याचं लेबल अजून शाबूत आहे. हे तरुण मुलं हमखास उचलतात आणि त्यांची मला चिंता नाही, टेरिलीन काहीही सोसतं. दुसऱ्या सुती साड्या, त्याही दणकट. खरा प्रश्न तिसऱ्या गठ्ठ्याचा: इरकली, नारायणपेठी, दोन पैठण्या आणि आजीच्या वयाची किनखापाची पोलकी. एका इरकलीचा लाल पदर अंगाला जिथे जोडला आहे, तिथे नुसतं बोट टेकलं तरी धागे सरकतात. उजेडासमोर धरली की घडीवर बारीक उभ्या चिरा दिसतात. पण रंग असा की बघणाऱ्याची नजर हलत नाही.

मे महिन्यात गोव्यात काय हवा असते ते सांगायला नको. अंगावरचा घाम वाळत नाही. त्यात सनस्क्रीन लावलेले हात, मैदानाची तांबडी माती आणि संध्याकाळी अचानक येणारा वळवाचा पाऊस. रेशीम भिजलं की दुबळं होतं, आणि जुना लाल रंग शेजारच्या पांढऱ्यात उतरला तर तो कायमचा. दुसरीकडे, हात लावू दिला नाही तर जुना कपडा विकला जात नाही, हेही मला कळतं. माणसाला तो अंगावर धरून बघायचा असतो.

तर मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रेशमी माल तिथे न्यावा का, आणि नेला तर मांडावा कसा? रात्री दहाला आवरल्यावर तो दमट कपडा ठेवायचा कुठे? आणि माझ्याकडे एक कुणबी लुगडं आहे, लाल-पांढऱ्या चौकड्यांचं, हातमागाचं, वापरून मऊ झालेलं. काणकोणच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या बाईंनी स्वतः हातात ठेवलं. ते विकावं की नुसतं मांडावं? ज्यांनी गोव्यात उघड्यावर कपडे विकले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी हडफड्याच्या शनिवारच्या रात्रबाजारात बरेच हंगाम कपडे विकले आहेत. तो बाजार उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद होतो, तुमचा तर भर मे महिन्यात आहे, तेव्हा ऊन आधी धरा. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, म्हणजे चारपासून जवळजवळ तीन तास तिरपं ऊन पश्चिमेकडून थेट आत येतं. आयोजकांशी आजच बोला आणि पूर्वेकडे तोंड असलेली जागा मागा. नाही मिळाली तर पश्चिमेच्या बाजूला जाड चादर लावा, पण वरून आणि खालून हातभर मोकळी सोडा, नाहीतर आत भट्टी होईल.

पावसासाठी छताला ताडपत्री हवीच, आणि ती दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट बाहेर काढलेली. स्टॉलमागे पाणी वाहून जाईल असा चर मारा. मधोमध एक फळी विटांवर टाकून ठेवा, पाऊस आला की पेट्या तिच्यावर. जमिनीवर काहीही ठेवू नका. तांबड्या मातीचा डाग सुती कपड्यालाही सोडत नाही.

आरसा मोठा न्या, अंगभर दिसेल असा. पडदा लावून कपडे बदलायची जागा करा. शर्ट आणि सुती कपडे तिथे घालून बघू द्या. दिव्यांबद्दल माझं मत ठाम आहे: पांढरा एलईडी लावा. पिवळ्या उजेडात रंग फसवतो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत येतं. यूपीआयचं बोर्ड लावा, पण गर्दी वाढली की मोबाईल नेटवर्क बसतं. वेगळ्या कंपन्यांची दोन सिम आणि सुट्टे पैसे जवळ असू द्या. पिशव्या कागदी किंवा जुन्या साड्यांच्या शिवलेल्या. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे.

प्रतिसाद २

बाय, मी फोंड्याची. घरच्या आणि लोकांच्या जुन्या साड्या दुरुस्त करण्यात माझी हयात गेली, म्हणून जरा हक्काने लिहिते.

चिरा पडलेली इरकल नेऊ नकोस. ती हँगरवर अडकवलीस तर स्वतःच्याच वजनाने फाटेल. बाकीच्या रेशमी साड्या आधी तपासून घे: घडीच्या जागी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच आडवं ताणायचं. करकर आवाज आला किंवा धागा सरकला की ती साडी घरी राहील. जी टिकेल ती नळीवर गुंडाळून ने. कापडाच्या दुकानात तागे ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर येतात त्या मागितल्यास मिळतात. नळीवर आधी धुतलेली मलमल, मग साडी, मग वरून परत मलमल. वर्तमानपत्र अजिबात नको, शाई उतरते.

मांडायला सगळ्या रेशमी साड्या बाहेर काढायची गरज नाही. एका वेळी एकच, उंचावर, आडव्या जाड दांड्यावर सैल टाकलेली, पदर समोर येईल अशी. ज्याला खरंच घ्यायची आहे त्याच्यासाठी तू स्वतः खाली काढ. आधी हात पुसायला ओला आणि मग कोरडा पंचा पुढे कर. लोक रागावत नाहीत, उलट वस्तूचं मोल त्यांना कळतं. आणि खांद्यावर तूच टाकून दाखव, त्यांना ओढू देऊ नकोस.

रात्रीचं सांगते. घामट, दमट कपडा लगेच पेटीत कोंडलास तर दोन दिवसांत कुबट वास आणि आठवड्यात भुरी. घरी नेऊन पंख्याखाली दोरीवर पसरून ठेव, सकाळी पेटीत घाल. जरीच्या साडीशेजारी डांबराच्या गोळ्या ठेवू नकोस, जर काळवंडते. लवंगांची पुरचुंडी पुरे, तीही कापडाला टेकू न देता. अत्तराचा फवारा तर स्टॉलवर कोणालाही मारू देऊ नकोस.

आता लुगड्याचं. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी लुगडं रॅम्पवर आणलं तेव्हापासून तशा चौकड्यांना मागणी आहे, यंत्रमागावरचे नमुनेही सर्रास मिळतात. तुझं हातमागाचं, एका बाईने आयुष्यभर नेसलेलं. ते मैदानात विकायला मांडू नये असं मला मनापासून वाटतं. मांडायचंच तर शेजारी कागदावर लिही: कोणत्या भागातलं, कसं नेसायचे, शेतात काम करताना गुडघ्यापर्यंत का. बाईंचं नाव त्यांना विचारल्याशिवाय लिहू नकोस.

प्रतिसाद ३

कपड्यांतलं मला कळत नाही, हिशोबातलं सांगतो. ताई, तुम्ही गोव्यातल्याच आहात आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत आहे, तर फक्त राज्यातल्या मालविक्रीसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मैत्रिणीचं तसं नाही. ती महाराष्ट्रातली, तिचं गोव्यात दुकान नाही. तिच्या नावाने इथे विक्री झाली तर उलाढाल कितीही लहान असो, तात्पुरती नोंदणी लागते. त्यासाठी विक्री सुरू होण्याच्या किमान 5 दिवस आधी अर्ज आणि अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो. माल कोणाच्या नावाने विकायचा ते सल्लागाराजवळ बसून आधीच ठरवा. नोंदणी घेतलीच तर जुन्या वस्तूंसाठी फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर कर लावायची सोय आहे, तीही विचारा. त्यासाठी प्रत्येक कपडा कितीला घेतला हे वहीत लिहिलेलं असावं.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री फोंड्याच्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे सगळं रेशीम तपासलं. इरकल आणि एक पैठणी घरी राहणार. पूर्वेकडच्या जागेसाठी आयोजकांना लिहिलं आहे. मैत्रीण सोमवारी सल्लागाराकडे जाते आहे. वहीत खरेदीचे भाव आहेत, फक्त साड्यांचे वेगळे काढायचे आहेत.

लुगडं विकणार नाही. मांडायचं की नाही ते त्या बाईंना भेटून विचारीन, काणकोणला पुढच्या आठवड्यात जाणं आहेच.

एक राहिलं, काकू. पोलकी नळीवर गुंडाळता येत नाहीत आणि बाह्यांच्या शिवणी उसवायला आल्या आहेत. ती मलमल भरून सपाट ठेवू की हँगरला कापूस गुंडाळून टांगलेली चालतील?