लहान मुलाचा ल्युकेमिया आणि घर : गोव्यातील कुटुंबांचे अनुभव

लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, प्रमाण सर्वांत जास्त आहे. त्यातही अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला रुग्णालयात सगळे नुसते 'एएलएल' म्हणतात, तो प्रामुख्याने दोन ते पाच वर्षांच्या मुलांत आढळतो. उपचार अडीच-तीन वर्षे चालतात. त्यांतला रुग्णालयातला काळ त्या मानाने थोडा, घरातला फार मोठा. या घरातल्या काळाबद्दल सविस्तर लिहावे, अशी विनंती या धाग्यासाठी गोव्यातील काही कुटुंबांना आणि त्यांच्या मदतीला धावलेल्यांना केली होती. नावे मुद्दाम वगळली आहेत. एका मुलाचा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरवून दिलेला आराखडा, दुसऱ्याला लागू होत नाही, त्यामुळे खालचे काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

एक आई, डिचोली

माझ्या मुलीला चौथ्या वर्षी एएलएल झाल्याचे निदान झाले. त्याआधी ताप येत-जात होता, पाय दुखतात म्हणून ती चालायला नको म्हणायची आणि नडग्यांवर निळे डाग दिसायचे. रक्ताच्या पहिल्या रिपोर्टनेच शंका आली आणि पाठोपाठ मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची, तपासणी झाली.

पहिल्या टप्प्याला इंडक्शन म्हणतात. साधारण महिनाभराच्या या काळात स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टीन या किमोच्या (कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या) औषधाची इंजेक्शने आणि पाठीतून मणक्यात दिले जाणारे औषध असे सगळे एकदमच सुरू होते. बहुतेक मुलांचा आजार याच टप्प्यात आटोक्यात येतो, आणि आपले मूल आपल्यालाच ओळखू येत नाही तेही याच टप्प्यात. स्टेरॉइडने तिला अशी भूक लागायची की रात्री दोन-अडीचला उठून उकड्या तांदळाची पेज आणि तळलेला बांगडा मागायची. मिळेपर्यंत आदळआपट, मिळाल्यावर लगेच 'आणखी दे'. चेहरा गोल झाला, पोट सुटले, हातपाय मात्र काड्या. मुलगी हट्टी झाली, लाडावली, असे घरी येणारा जो तो सुनावून जायचा. हा गुण औषधाचा आहे, मुलीचा नव्हे, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते म्हणून आम्ही तिच्यावर हात उगारला नाही, आणि गोळ्या थांबल्यावर तो सगळा राग खरोखरच ओसरला. नव्या आयांना मी एवढेच सांगते की झोपण्यापूर्वी तांदूळ धुऊन कुकरमध्ये ठेवावेत. शिळे काही द्यायचे नसते, आणि मध्यरात्री ताजी पेज करायला बळ कमी पडते.

काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, खाली असताना न शिजवलेले काहीही नको, असे आम्हाला सांगितले होते. त्यामुळे सोलकढी गेली, विहिरीचे पाणी उकळून मगच पेल्यात येऊ लागले आणि फळे सोलता येतील तेवढीच राहिली. मात्र सर्वांत कडक नियम तापाचा. थर्मामीटरने 100.4 फॅरनहाइट दाखवले की, वेळ कोणतीही असो, फोन करायचा आणि निघायचे. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरू शकतो. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायचे नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग आत तसाच राहतो. आमच्या दाराशी एक पिशवी कायम भरलेली असे: फाइल, शेवटचा रिपोर्ट, दोन फ्रॉक, चार्जर आणि तिची बाहुली. पावसाळ्यात मध्यरात्री बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जायला गाडी कोण काढणार, हे शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवले होते.

एक वडील, सत्तरी

आमचा सुरुवातीचा उपचार मुंबईत झाला. 2018 साली खाणी बंद पडल्यापासून माझा ट्रक अंगणात उभाच होता, आणि मुलगा आजारी पडला तेव्हा हातात नियमित उत्पन्न नव्हते. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड होते; त्या योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण मिळते. त्याने काही भार हलका झाला, पण परगावी राहणाऱ्या माणसांचे जेवणखाण, रिक्षा आणि बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जाऊन बसावे, संकोच करू नये.

त्यांनीच आम्हाला रेल्वेची सवलत सांगितली. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत तिकीट पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला 75 टक्के सूट मिळते. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांना ठाऊक असते. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था 2006 पासून काम करते. तिथे विनामूल्य खोली मिळते आणि आपल्या हाताने रांधायला ओटाही मिळतो. बायकोने तिथे माशाची आमटी केली तेव्हा शेजारच्या बिहारी कुटुंबाने नाक मुरडले होते. पुढे तेच वाटी घेऊन यायचे.

परळच्या ज्या रस्त्यावर टाटा रुग्णालय आहे, त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. कर्करोगाचे हे नामवंत शल्यचिकित्सक मूळचे गोव्याचे, हे मला रुग्णालयाच्या रांगेत उभ्या असलेल्या एका म्हापशेकराकडून कळले. त्याने उपचारात काही फरक पडत नाही, तरी परक्या शहरात आपले कोणीतरी आधी येऊन गेले आहे, याचे बरे वाटले.

एक आजी, फोंडा

नातू आजारी असल्याचे वाड्यावर कळताच सल्ले येऊ लागले. कोणी दृष्ट काढा म्हणाले, कोणी झाडपाल्याचा काढा आणून दिला. मी देवभोळी आहे आणि तसे सांगायला मला लाज नाही. आम्ही ग्रामदेवतेकडे कौल लावला, नवसही बोललो. पण औषध चालू ठेवावे की नाही, हा प्रश्न देवापुढे ठेवायचा नाही, असे माझ्या यजमानांनी पहिल्याच दिवशी ठरवले होते. अंगारा कपाळाला लावायचा, पोटात द्यायचा नाही. तीर्थ त्याच्या वाटचे मी घ्यायचे. काढ्याबद्दल डॉक्टरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले की किमोच्या गोळ्यांनी यकृतावर आधीच ताण असतो, त्यात घटक माहीत नसलेले काही घालू नका. काढा आणणाऱ्या भाचीला मी बाटली परत दिली नाही, ती दुखावली असती. ती माडाच्या मुळाशी ओतली.

शेवटचा टप्पा मेंटेनन्सचा. तो सुमारे दोन वर्षांचा असतो, आणि लोकांना वाटते की आता काय, नुसत्या गोळ्या. पण जोखीम त्या गोळ्यांतच असते. सिक्स-एमपी ही किमोची गोळी रोज द्यायची, तीही आमच्याकडे काही वारी पूर्ण आणि काही वारी अर्धी. मेथोट्रेक्सेट ही दुसरी गोळी मात्र आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतते. मी कालनिर्णयवर मेथोट्रेक्सेटचा वार कुंकवाने रंगवून ठेवायची आणि गोळी दिल्यावर त्या चौकटीत सुनेची सही घ्यायची. सही नाही तर डबा उघडायचा नाही, मग मुलाचा बाप का असेना.

चवथीला मूळ घरी गणपतीवर माटोळी (फळाफुलांची आरास) बांधलेली, सत्तर-ऐंशी माणसे जमलेली. तिथे त्याला न्यायचे की नाही, यावरून घरात चांगलाच वाद झाला. शेवटी काउंट बरे असल्याचे पाहून, डॉक्टरांना विचारून, पहाटे कोणी उठण्याआधी त्याला गणपतीच्या पाया पाडून आणले. दीर त्यावरून अजून बोलत नाहीत.

एक प्लेटलेटदाता, मडगाव

माझे लिहिणे थोडक्यात आहे. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. रक्तातून काढलेल्या प्लेटलेट सुमारे पाच दिवसच टिकतात, त्यामुळे त्यांचा मोठा साठा करून ठेवता येत नाही. ऐनवेळी माणूसच लागतो. यंत्रावर एका दात्याकडून प्लेटलेट घेण्यास दीड-दोन तास लागतात, लाल पेशी आपल्याला परत मिळतात, आणि नियमाप्रमाणे किमान 48 तासांच्या अंतराने पुन्हा देता येते. दात्याने आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. कुटुंबांना सुचवावेसे वाटते की नातेवाइकांना एकदम धाडू नये. दहा-बारा जणांची यादी करून पाळी लावावी, आणि चवथ व शिगमो यांच्या दिवसांसाठी गावाला न जाणारे दोघे तरी वेगळे राखून ठेवावेत.

एक प्राथमिक शिक्षिका, पेडणे

आमच्या शाळेत मेंटेनन्सवर असलेला एक मुलगा पहिलीत आला. आईने मला एकच गोष्ट लिहून दिली होती: वर्गात कोणालाही कांजिण्या किंवा गोवर झाल्याचे कळले तर त्याच दिवशी फोन करावा. या मुलांना कांजिण्या फार भारी पडू शकतात, आणि संपर्क झाल्यावर वेळेत कळले तर प्रतिबंधक उपचार देता येतो. मी पालकसभेत मुलाचे नाव न घेता हे सांगितले. एका पालकाने 'मग त्याला घरीच ठेवा' असे उत्तर दिले. मात्र दुसऱ्याच महिन्यात त्याच पालकांनी आपल्या मुलीच्या अंगावर फोड दिसताच मला सकाळी सहाला कळवले. त्या मुलाच्या टोपीबद्दल मुलांनी दोन दिवस विचारले, नंतर ती टोपी क्रिकेटमध्ये यष्टीरक्षकाची झाली.

एक बहीण, साखळी

भाऊ आजारी पडला तेव्हा मी सहावीत होते आणि मला मामाकडे ठेवले होते. घरचे फोन करत, पण बोलणे त्याच्याबद्दलच असे. त्याच्याशी भांडताना मी त्याला ढकलले होते, त्यानेच हे झाले असावे, असे मला बरेच महिने वाटत होते आणि विचारायचे कोणाला ते कळत नव्हते. हा आजार कोणाच्या मारण्याने, खाण्याने किंवा स्पर्शाने होत नाही, हे मला वॉर्डातल्या एका परिचारिकेने सांगितले, तेही ओघात. घरात दुसरे मूल असेल तर त्याला हे पहिल्या आठवड्यातच, त्याने न विचारता सांगावे.

पुन्हा डिचोलीची आई

उपचार संपल्यावर पुढे काय, असे काहींनी विचारले आहे. आमच्या मुलीच्या गोळ्या थांबल्या आहेत. रक्ततपासणी सुरुवातीला वरचेवर असते, मग अंतर वाढत जाते. राहिलेल्या लसी केव्हा द्यायच्या, हे डॉक्टर ठरवतात. जिवंत जंतूंच्या लसी उपचारांदरम्यान देत नाहीत. काही औषधांचा परिणाम हृदयावर उशिरा दिसू शकतो, म्हणून अधूनमधून इको (हृदयाची सोनोग्राफी) काढावा लागतो. आणि मुलाला कोणते औषध एकूण किती मात्रेत मिळाले, याचा एक-दोन पानी सारांश रुग्णालयातून मागून घ्यावा. मुलगी मोठी होऊन दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल तेव्हा जाड फाइल कोणी वाचणार नाही, ती दोन पाने वाचतील. आम्ही त्याच्या तीन प्रती काढल्या असून एक तिच्या आजोळी ठेवली आहे.